ओटाचा स्पॉन घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हिवाळ्यात धिंगरी, म्हणजे ऑयस्टर आळिंबी (मशरूम), घेते आणि तिचा स्पॉनही घरीच करते. ती ज्यावर वाढते ते गव्हाचं काड कसं भिजवायचं, पिशव्या कशा टांगायच्या हे लोकांना कुठून ना कुठून कळतं. गाडी अडते ती स्पॉनपाशी. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांनी विचारले की एकदाच लिहून ठेवलेलं बरं. आधीच सांगते, निम्मी उत्तरं फिरून एकाच जागी येतील: दाणा आतून ओला आणि बाहेरून कोरडा हवा.

स्पॉन म्हणजे आळिंबीचं बी का?

बियाणं म्हणतात सगळे, पण ते बी नव्हे. विरजण म्हणा हवं तर. शिजवून निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर आळिंबीचे पांढरे तंतू वाढवलेले असतात, आणि ते दाणे आपण काडात मिसळतो. प्रत्येक दाण्यापासून तंतू चहूकडे पसरतात. विरजणासारखाच तो जिवंत असतो. उन्हात ठेवला तर मरतो, फार दिवस ठेवला तर शिळा होतो आणि त्यात दुसरं काही शिरलं तर सगळंच नासतं.

धान्यावर स्पॉन करायची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जेम्स सिंडेन यांनी १९३२ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी लीद आणि कंपोस्टवरच तंतू वाढवत. धान्याचा फायदा असा की दाणे सुटे होतात आणि मुठीने पेरता येतात.

घरात ज्वारीची पोती असताना ओट कशाला?

खान्देशात हा प्रश्न पहिला येणारच, आणि रास्त आहे. ज्वारीवर उत्तम स्पॉन होतो. गव्हावर होतो, बाजरीवरही होतो. मी स्वतः ज्वारीनेच सुरुवात केली आणि पहिल्या चार बरण्या वाया घालवल्या.

घोळ असा होतो. ज्वारीचा दाणा उघडा असतो. पाच मिनिटं जास्त उकळला की फुटतो, आतलं पीठ बाहेर येतं आणि कूकरमधून काढल्यावर बरणीत दाणे नसतातच, बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा असतो. बिबड्यांना तो हवाच, स्पॉनला तो घातक. त्या चिकट गोळ्यात हवा जात नाही, तंतू अडतात आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना मात्र मेजवानी मिळते.

ओटाच्या दाण्याला टरफल असतं. ते आतला दाणा सांभाळतं. थोडा जास्त शिजला तरी फुटणारे दाणे कमी आणि एकमेकांना चिकटणारे त्याहून कमी. दोन दाण्यांत फट राहते, म्हणून तंतूंना हवा मिळते, आणि बरणी हलवली की दाणे खळखळ सुटतात. चूक पोटात घालणारं धान्य आहे ते.

त्याचे तोटेही सांगते. टरफलात धूळ फार, म्हणून धुणं जास्त. वजनाला हलके, म्हणून बरण्या लवकर भरतात. बाजरीच्या तुलनेत किलोमागे दाणे कमी, म्हणजे काडात तंतू सुरू होण्याच्या जागाही कमी. आणि घरच्या ज्वारीला पैसे पडत नाहीत, ओट विकत आणावे लागतात. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन घाणे ओटावर करा, हात बसला की ज्वारीवर या. हौसेपुरत्या चार बरण्या करणाऱ्याने ओट सोडूच नयेत.

ओट म्हणजे सातू ना?

नाही. सातू म्हणजे जव. ओटाला हिंदीत जई म्हणतात. जवावरही स्पॉन होतो, पण खाली दिलेल्या वेळा ओटाच्या आहेत.

नाश्त्याचे ओट्स किराणा दुकानात मिळतात, ते चालतील का?

नाही चालणार. ते टरफल काढून, वाफवून, लाटून चपटे केलेले असतात. पाण्यात पडले की लापशी. आपल्याला टरफलासकट अख्खा दाणा हवा.

मग अख्खे ओट आपल्याकडे मिळतात कुठे?

दोन वाटा आहेत. पहिली चाऱ्याच्या बियाण्याची. रब्बीत गायी-म्हशींसाठी ओट पेरतात. केंट ही जुनी जात आणि राहुरी विद्यापीठाची फुले हरिता ही नावं कृषी सेवा केंद्रात ओळखीची असतात. पण इथे डोळे उघडे ठेवा. पेरणीच्या बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. आळिंबी ही बुरशीच आहे, तिला मारायचं औषध लावलेल्या दाण्यावर तिला वाढवायला बसलो तर हसं होईल. आणि असा दाणा खाण्याच्या कुठल्याच कामाला वापरायचा नसतो. गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिसला किंवा पिशवीवर बीजप्रक्रियेचा उल्लेख असला तर ती पिशवी परत ठेवा. धुऊन औषध निघेल असं दुकानदार म्हणाला तरी नको.

दुसरी वाट घोड्यांच्या खुराकाची. अख्खे ओट घोड्यांना घालतात, त्यामुळे घोडे पाळणाऱ्याला ते कुठून आणायचे हे पक्कं ठाऊक असतं. शहादा तालुक्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. माझे पहिले दहा किलो ओट तिथल्या एका घोडेवाल्याच्या ओळखीने आले. त्याला वाटलं मी घोडा घेतेय. आळिंबीसाठी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पैसे आधी मागितले.

घेताना मूठभर हातावर घ्या. कुबट वास, काळे ठिपके, टोकलेले दाणे, फार तुकडे असतील तर नको. तुटक्या दाण्यातून पीठ सुटतं आणि चिकटपणा तिथूनच सुरू होतो.

किती वेळा धुवायचे?

पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. तीन-चार पाणी लागतातच. वर तरंगणारी फोलं आणि कचरा काढून टाका. सगळे ओट थोडे तरंगतातच, ते पाहून घाबरू नका. हाताने दाबून ढवळलं की भरलेला दाणा खाली बसतो.

भिजवायचे किती तास?

हिवाळ्यात रात्री भिजवून सकाळी काढायचे, साधारण बारा तास. थंडी कडक असेल तर सोळा-अठरा तासही चालतात. पाणी दाण्यांच्या चार बोटं वर हवं.

भिजवण्यामागे ओलाव्याखेरीज आणखी एक कारण आहे. धान्यावर काही जिवाणू बीजाणूच्या रूपात झोपलेले असतात. त्या अवस्थेत ते उकळत्या पाण्यालाही जुमानत नाहीत. भिजवल्यावर ते जागे होऊन वाढू लागतात, आणि जागा झालेला जिवाणू उष्णतेने सहज मरतो. कोरडे ओट थेट कूकरात घालणाऱ्यांच्या बरण्या आठवड्याने आंबतात, त्याचं हे एक कारण.

पण आपल्याकडच्या उकाड्यात बारा तासांत पाण्यावर फेस येतो. फेब्रुवारीनंतर भिजवत असाल तर आठ-दहा तास पुरे, मधे एकदा पाणी बदला. चोवीस तासांच्या पुढे गेलात तर चाऱ्याचं बियाणं मोड काढायला लागतं. मोड आलेली मटकी चांगली, मोड आलेले ओट नको.

भिजवल्यावर उकळायलाच हवेत का?

उकळा. फक्त भिजवून करणारेही आहेत, पण टरफलामुळे पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत सारखं पोचत नाही. काही दाणे ओले, काही कोरडे राहतात. भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात टाका आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पंधराव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी एक दाणा काढून नखाने चिमटा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. दाणा मऊ दबतो, पण फुटून पीठ येत नाही, तिथे थांबा.

घुगऱ्या करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. घुगऱ्या खायच्या मऊपणाला येतात त्याच्या जरा अलीकडे गॅस बंद करायचा, एवढंच.

वाळवायचे किती? माझे दाणे नेहमी बरणीत ओले दिसतात.

सगळ्यात जास्त बरण्या इथे मरतात, म्हणून सावकाश वाचा.

ओट चाळणीत ओतले की वाफ निघू लागते. ती वाफच तुमचं निम्मं काम करते, म्हणून गार पाणी ओतून दाणे थंड करू नका. दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या, मधे दोनदा हलवा. मग खाटेवर धुतलेली सुती साडी अंथरा आणि त्यावर बोटभर जाडीचा थर पसरा. पंधरा मिनिटांनी हात फिरवून वरखाली करा. जागा सावलीतली हवी. उन्हात वरचं टरफल कडक होतं आणि थर सारखा वाळत नाही. कुरडया वाळवायची सवय असलेल्यांचा हात आपोआप गच्चीकडे जातो, तो आवरा.

आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असते, त्यामुळे तास-दीड तासात काम होतं. ढगाळ दिवशी तीन तासही लागतात. घड्याळ पाहू नका, दाणा पाहा. त्याला तीन परीक्षा आहेत. मूठभर दाणे कोरड्या कागदावर ठेवून हलकेच दाबा, कागदावर ओला डाग पडायला नको. मूठ आवळून सोडली की दाणे सुटे पडावेत, तळव्याला चिकटू नयेत. आणि एक दाणा चिमटला तर आत मऊ, ओलसर लागावा. ओटाच्या बाबतीत एक फसगत आहे. टरफल बाहेरून कोरडं दिसतं, पण टरफल आणि दाण्यामध्ये पाणी अडकलेलं असतं. म्हणून वाळले वाटल्यावर सगळे दाणे एका पातेल्यात झाकून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा कागदाची परीक्षा घ्या. डाग पडला तर परत पसरा.

बरणीच्या काचेवर आतून थोडं बाष्प दिसणं वेगळं. तळाला पाणी साचलं असेल तर मात्र ती बरणी संपलीच म्हणा.

वजनावरून कळत नाही का?

कळतं. स्वयंपाकघरातला काटा असेल तर जरूर वापरा. आपल्याला दाण्यात साधारण ५० टक्के ओलावा हवा. कोरड्या ओटात आधीच १२ टक्क्यांच्या आसपास ओल असते, म्हणजे १ किलो ओटात ८८० ग्रॅम कोरडा ऐवज. त्यात तेवढंच पाणी धरलं की वजन १ किलो ७६० ग्रॅम होतं. पावणेदोन ते १ किलो ८५० ग्रॅम यांच्यामध्ये आलात तर ठीक. २ किलो भरले तर अजून पसरा. वजन बरोबर आणि कागदावर डाग, असं झालं तर कागदाचं ऐका.

जिप्सम टाकलंच पाहिजे का?

टाकलेलं बरं. दाणे सुटे राहतात, आणि सोबत चुनखडी टाकली की आम्लता सावरली जाते. भारतात स्पॉनसाठी चालत आलेलं प्रमाण म्हणजे कोरड्या धान्याच्या २ टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का कॅल्शियम कार्बोनेट. १ किलो ओटाला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम चुनखडीची भुकटी. चोपण जमिनीसाठी विकतात तेच जिप्सम बारीक चाळून घेतलं तरी भागतं. प्लास्टर ऑफ पॅरिस नको, पाणी लागलं की त्याचे खडे होतात. जिप्सम मिळालं नाही म्हणून घाणा थांबवू नका. ज्वारीला ते चुकवता येत नाही, ओट त्यावाचून निभावतो.

जिप्सम दाणे वाळल्यावर टाकायचं. ओल्या दाण्यांवर टाकून ओल लपवायची युक्ती मी करून पाहिली आहे. लपत नाही.

बरणी घेऊ की पिशवी?

शिकताना काचेची बरणी. आत काय चाललंय ते दिसतं आणि ती पुन्हा वापरता येते. पत्र्याच्या झाकणाला बोटाएवढं भोक पाडून त्यात न शोषणारा कापूस घट्ट बसवा. दवाखान्यातला शोषक कापूस नको, तो वाफेने भिजतो आणि ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. वरून अ‍ॅल्युमिनियमचा कागद बांधा. बरणी दोन तृतीयांशच भरा, हलवायला जागा लागते. १ लिटरच्या बरणीत साधारण ४०० ग्रॅम तयार दाणे मावतात, म्हणजे १ किलो कोरड्या ओटाच्या चारेक बरण्या होतात.

पिशवी घेतलीत तर पॉलिप्रॉपिलीनचीच. साधी पॉलिथिनची पिशवी कूकरमध्ये वितळते आणि मग ती कूकरच्या तळाची होऊन जाते.

ताई, कूकरच्या किती शिट्ट्या?

शिट्ट्या मोजायच्या नाहीत! डाळ शिजवत नाही आपण. हवा आहे तो चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि १२१ अंश उष्णता, तीही सलग. घरच्या कूकरचं वजन सहसा चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या दाबाला उचलतं, म्हणजे जवळपास तेवढंच.

कूकरच्या तळाला जाळी ठेवा, बरणीचा तळ भांड्याला टेकू देऊ नका. पाणी घाला, झाकण लावा, पण वजन लगेच ठेवू नका. नळीतून वाफेची सरळ जोरदार धार आली की आणखी पाच-सात मिनिटं तशीच जाऊ द्या. आत हवा अडकली तर दाब दिसतो, पण उष्णता तेवढी चढत नाही. मग वजन ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच इतकी कमी करा की वजन नुसतं फुसफुसत राहील. तिथून वेळ धरा. ४०० ग्रॅमच्या बरण्यांना दीड तास, किलोच्या पिशव्यांना दोन तास.

दीड तास म्हटल्यावर भीती असते ती पाणी आटण्याची, आणि ती खरीच आहे. कोरडा पडलेला कूकर हा थट्टेचा विषय नाही. म्हणून दाणे भिजवण्याआधी एक दिवस नुसतं पाणी मोजून घालून, रिकाम्या बरण्यांत थोडं थोडं पाणी घालून कूकर दीड तास चालवा आणि उरलेलं पाणी मोजा. तुमच्या कूकरला, तुमच्या आचेवर किती पाणी लागतं ते पक्कं कळतं. ३ लिटरचा कूकर या कामाचा नाही. १० लिटरच्या पुढचा घ्या, रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे टाका. आमच्याकडे त्याला बुरशीचा कूकर म्हणतात आणि त्यात दुसरं काही शिजवायला सासूबाईंची बंदी आहे. शेजारच्या जीजी अजूनही दारातून विचारतात, काय शिजी ऱ्हायनं? उत्तर ऐकून कोणी जेवायला थांबत नाही.

गॅस बंद केल्यावर वजन उचलू नका. दाब एकदम सुटला की बरणीतलं पाणी उसळतं आणि कापूस भिजतो. कूकर आपोआप निवू द्या. निवताना बरणी बाहेरची हवा आत ओढते, म्हणून झाकण स्वच्छ, बंद खोलीत काढा. रात्रभर राहू दिलं तर उत्तम.

मोठा कूकर नाही. चुलीवर पातेल्यात वाफवून चालेल?

तीन दिवस वाफवायची तयारी असेल तर चालेल. झाकलेल्या पातेल्यात पहिल्या दिवशी तासभर वाफ द्यायची, बरण्या न उघडता दिवसभर घरातल्या उबेत ठेवायच्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. मधल्या वेळात झोपलेले बीजाणू जागे होतात आणि पुढच्या वाफेत मरतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलेली ही रीत आहे. सरपण मुबलक असेल तर करून पाहा. कूकरइतकी खात्री मात्र मी देणार नाही.

त्यापेक्षा पाण्यात बुरशीनाशक टाकलं तर?

काड भिजवताना कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिन वापरायची पद्धत आहे, तिथून हा प्रश्न येतो. धान्याला ती लागू नाही. कार्बेन्डाझिम जिवाणूंना मारत नाही, आणि ओटाच्या बरण्या मुख्यतः जिवाणूच बिघडवतात.

कल्चर कुठून आणायचं आणि टाकायचं कसं?

कृषी महाविद्यालयाच्या किंवा विश्वासातल्या प्रयोगशाळेतून धिंगरीचं शुद्ध कल्चर, म्हणजे तिचे नुसते जिवंत तंतू, काचेच्या नळीत मिळतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. हिमाचलात सोलनला देशाचं आळिंबी संशोधन संचालनालय आहे. सुरुवातीला सोपं म्हणजे ताजा मदर स्पॉन, म्हणजे कल्चरपासून केलेला पहिला स्पॉन, विकत घ्यायचा आणि त्याचे दाणे आपल्या ओटात टाकायचे. एका बरणीला दोन-तीन चमचे पुरतात.

टाकण्याची जागा हवेच्या झुळकीपासून लांब हवी. पंखा बंद, कूलर बंद, दार बंद. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडे कापसाचा हंगाम, जिनिंगच्या बाजूला घर असेल तर हवेत काय काय उडत असतं ते सांगायला नको. प्लास्टिकच्या मोठ्या पारदर्शक टबाला हात घालण्यापुरती दोन भोकं पाडून तो उलटा ठेवला की छान पेटी होते. आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पाच मिनिटं थांबा. अल्कोहोलचा वास असेपर्यंत पेटीत दिवा किंवा काडी पेटवू नका. चमचा बाहेर ज्योतीवर लाल करून निववा. बरणी हाताला गार लागल्यावरच उघडा. कोमट दाण्यांवर टाकलेलं कल्चर भाजून निघतं आणि आपण महिनाभर पांढरं होण्याची वाट पाहत बसतो.

किती दिवसांत तयार होतो?

२२ ते २५ अंशांत धिंगरीला दोन ते अडीच आठवडे लागतात. तीन-चार दिवसांत दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतात. पाव बरणी पांढरी झाली की एकदा हलवा, हातावर आपटून दाणे सुटे करा. हलवल्यावर दोन दिवस काहीच दिसत नाही, सगळं मेल्यासारखं वाटतं. मग एकदम सगळीकडून फुटतं. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला तर वेळ लांबतो, बरण्या धान्याच्या कोठीत किंवा गोधडीत ठेवा.

हिरवं दिसतंय. पिवळट पाणी आलंय. वास येतोय. काय करू?

हिरवं म्हणजे ट्रायकोडर्मा नावाची बुरशी किंवा तिचे भाऊबंद. हवेतून किंवा भिजलेल्या कापसातून आलेली. दाणे चिकट, करडे, ओलसर आणि शिळ्या भातासारखा आंबूस वास असेल तर जिवाणू: दाणे ओले होते किंवा कूकरचा वेळ कमी पडला. थोडं पिवळट पाणी पांढऱ्या तंतूंमध्ये दिसलं आणि वास ताजा असला तर ते तंतूंचंच टाकाऊ असतं, त्यात वाईट नाही. चांगल्या बरणीला ताज्या आळिंबीचा वास येतो.

नारिंगी, पावडरीसारखी बुरशी दिसली तर ती बरणी घरात उघडूच नका. तिचे बीजाणू इतके हलके असतात की एका बरणीतून सगळी खोली धरतात. बंद बरणी तशीच कूकरमध्ये अर्धा तास वाफवा आणि मग उकिरड्यावर खड्ड्यात पुरा. हिरव्या बरण्यांनाही तेच. खराब भाग काढून बाकीचा वापरायचा मोह होतो. भाकरीचा जळका कोपरा तोडून उरलेली खाता येते, बरणीचं तसं नाही. दिसतं तेवढंच बिघडलेलं नसतं.

उन्हाळ्यात करता येईल?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. धिंगरीच्या तंतूंना पस्तिशीच सोसवत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. उष्ण दिवसांसाठी दुधी आळिंबी आहे, तिला ३० ते ३५ अंश मानवतात, पण तिला दमटपणाही लागतो. खान्देशात तिची वेळ मे नाही, पाऊस पडल्यानंतरची आहे. तिचा स्पॉनही ओटावर होतो.

तयार स्पॉन किती दिवस टिकतो?

फ्रिजमध्ये धिंगरीचा महिनाभर आरामात. दुधी आळिंबीचा स्पॉन फ्रिजमध्ये ठेवू नका, तिला थंडी मारते. तो घरातल्या सावलीत ठेवून लवकर वापरा.

एका बरणीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असं करत राहिलं तर कल्चर विकत घ्यायलाच नको ना?

विरजणाचं उदाहरण मीच दिलं, त्यामुळे हे मला भोगायलाच हवं. दोन पिढ्यांपर्यंत करा. एका चांगल्या बरणीतून दहा बरण्या सहज होतात. त्यापुढे जोम कमी होतो आणि पहिल्या बरणीत डोळ्यांना न दिसलेला जिवाणू तिसऱ्या पिढीत शंभर बरण्यांत पोचलेला असतो. मला ते कळलं तेव्हा पिशव्या भरून टांगून झाल्या होत्या.

काडाला किती लागतो?

भिजवून निथळलेल्या काडाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. १ किलो कोरडं गव्हाचं काड भिजून ३ किलोच्या आसपास होतं, त्याला ६० ते ९० ग्रॅम. ओटाचा दाणा मोठा, म्हणून मी वरच्या आकड्याला राहते. सोयाबीनचं कुटार किंवा केळीची वाळलेली पानं वापरलीत तरी हिशोब हाच.

सातपुड्यात पावसाळ्यात उगवतात त्या आळिंब्यांपासून स्पॉन करू का?

जात शंभर टक्के ओळखणारा माणूस सोबत असल्याशिवाय नाही. विषारी आळिंबीही तेवढीच पांढरीशुभ्र दिसते.

ओट शेतातच पेरले तर?

तेच करतेय. चाऱ्यासाठी ओट फुलोऱ्याच्या आधी-नंतर कापतात, दाणा धरेपर्यंत कोणी ठेवत नाही, म्हणून गावात ओट दिसतात पण दाणे मिळत नाहीत. यंदा नोव्हेंबरात विहिरीजवळ दोन वाफे पेरलेत. एक गायीला, एक दाण्याला. दाण्याच्या वाफ्यावर लोंब्या धरल्यापासून चिमण्यांची फौज उतरते आहे, म्हणून जुन्या साड्या बांधल्यात. दाणे वाळवायला ठेवलेली सुती साडीही त्यात गेली, आता पुढच्या घाण्याला दुसरी शोधायची आहे.